तोंडावर न केलेलं कौतुक

मिनेसोटातल्या हेग्डालच्या खोऱ्यात कुणाचं तोंडावर कौतुक करत नाहीत. पोर शेफारतं, मोठं माणूस अवघडतं, आणि करणाऱ्याचं तर काही खरं नसतं. याला नक्की आपला ट्रॅक्टर हवाय, असं समजून समोरचा किल्ल्या खिशात घालतो. कुणी घराला नवा रंग दिला तर शेजारी गाडी थांबवतो, काच खाली करतो आणि म्हणतो, "रंगवलंस वाटतं." झालं कौतुक. जेवण उत्तम झालं असेल तर "चालेल." आणि अगदीच गळा दाटून यावा असं काही घडलं, म्हणजे वाऱ्यानं आडवा झालेला गोठा गावानं आठवड्यात उभा करून दिला, तर मालक टोपी काढून म्हणतो, "वाईट नाही." याच्यावर पायरी नाही. रविवारी मात्र हीच माणसं चर्चच्या बाकांपाशी उभी राहून देवाची स्तुती अशी गातात की खिडक्यांच्या काचा थरथरतात. देव शेफारण्याची भीती नसावी.

आता इतकं गिळून माणसाला जगता येत नाही, मिनेसोटातसुद्धा नाही. म्हणून या नॉर्वेजियन लुथरन मंडळींनी एक वाट काढून ठेवली आहे. बाप मुलाला काही बोलत नाही. तो पेट्रोल पंपावरच्या टेबलाशी कॉफी पिताना शेजाऱ्याला बोलतो. शेजारी ऐकतो, "हं" म्हणतो आणि ते जपून ठेवतो. पुढं बाप गेला की अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात जेवण असतं. तिथं शेजारी हातात कागदी कप घेऊन मुलाजवळ येतो, त्याच्या बुटांकडे बघत म्हणतो, "तुझे वडील तुझ्याबद्दल बोलायचे हं," आणि ठेव परत करतो. मुलगा "असं होय" म्हणतो, बाथरूममध्ये जातो, नळ सोडून रडतो. आजोबांपासून असंच चालत आलेलं आहे आणि कुणाला त्यात काही विचित्र वाटत नाही.

आर्लिस स्कोगस्टाडनं स्वतः असे पुष्कळ निरोप पोचवले होते. शेजारचा स्टॅन्ली गेला तेव्हा त्याच्या थोरल्या मुलीला बाजूला घेऊन ती म्हणाली होती, "गवताची गाडी मागं घ्यावी तर माझ्या पोरीनं, असं म्हणायचे ते." त्या चाळिशीच्या बाईनं तिचा हात असा धरला होता की अंगठीचा वळ उठला. आर्लिसला तो वळ आवडला होता. एक दिवस आपल्यालाही असं कुणीतरी सांगेल, ही गोष्ट तेव्हापासून तिच्या मनात घर करून होती.

फेब्रुवारीत तिचा बाप गेला. एल्मर स्कोगस्टाड, अठ्ठ्याऐंशी वर्षांचा. आर्लिस एकोणसाठची. तिचं लग्न झालं नाही. शाळा सुटल्यापासून ती बापाबरोबर गाईंच्या धारा काढत होती, आणि शेवटची दोन वर्षं त्याला आंघोळ घालत, भरवत होती. धाकटा भाऊ ड्वेन मिनियापोलिसला, दातांचा डॉक्टर. तो नाताळात यायचा आणि बापाची कवळी बघून जायचा.

इतक्या वर्षांत बापाकडून तिला एकच शब्द मिळाला होता, "हळू". ती सतरा वर्षांची असताना एका हिवाळ्यात एल्मर तापानं फणफणला होता, रस्ते बर्फानं बंद होते, जनावरांचा डॉक्टर येऊ शकत नव्हता, आणि एका गाईच्या पोटात वासरू उलटं अडकलं होतं. आर्लिसनं रात्रभर एकटीनं झगडून ते वळवलं आणि काढलं. गाय जगली, वासरू जगलं. सकाळी बाप अंगावर घोंगडी घेऊन गोठ्याच्या दारात आला. त्यानं गाय बघितली, वासरू बघितलं आणि म्हणाला, "वेळ लागला तुला." पुढं त्याचाच "हळू" झाला आणि तो शब्द घरात रुळला. हळू आहे पोरगी. हळूच आहे. आर्लिस जन्मभर घाई करत राहिली. तिच्या नडग्या कायम काळ्यानिळ्या असायच्या, कारण ती प्रत्येक बादलीला धडकून पुढं जायची.

पण बाप तोंडावर असंच बोलणार, हे तिला ठाऊक होतं. सगळ्यांचेच बाप बोलत. खरं काय ते पंपावरच्या टेबलाशी सांगितलेलं असणार. अंत्यविधीच्या सकाळी तिनं काळा झगा चढवला तेव्हा तिला रडू येत नव्हतं. आज कळेल, एवढंच डोक्यात होतं. या वयात असली आस धरावी याची तिला लाजही वाटत होती.

चर्चमधला विधी ठीक चालला होता, तोवर पाद्रीबाईंना काहीतरी सुचलं. पास्टर मेलनीला टेक्सासहून येऊन दोनच वर्षं झाली होती. बाई मनानं सोन्यासारखी, पण तिला सगळंच अप्रतिम वाटायचं. मुलांची चित्रं अप्रतिम, गाजर घातलेली हलती जेली अप्रतिम, बर्फ झाडलेली पायरी अप्रतिम. गावानं तिच्या कौतुकाचा भाव पहिल्याच महिन्यात ठरवून टाकला होता, म्हणजे शून्य. तर ती व्यासपीठावरून खाली आली, हात पसरले आणि म्हणाली, "आता आपण सगळे मिळून एल्मरचं आयुष्य साजरं करूया. ज्याला त्याच्याबद्दल दोन चांगले शब्द बोलायचे असतील त्यानं उभं राहावं. लाजू नका!"

कुणी हललं नाही. दीडशे माणसं मांडीवरच्या गीतपुस्तकाकडे बघत बसली. चर्च तापवणाऱ्या वाफेच्या नळ्या खडखडल्या. कुणीतरी खोकलं आणि खोकल्याबद्दल मागं वळून बघितलं गेलं.

"कुणीही!" पाद्रीबाई म्हणाली. तिचं हसू आता ओढूनताणून चाललं होतं. ड्वेननं आर्लिसच्या कानात विचारलं, "मी उठू का?" तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला बसवलं. घरच्यानं घरच्याची तारीफ करायची म्हणजे हद्दच झाली.

शेवटी मागच्या बाकावरून कर्मिट ट्वेटन उठला. एल्मरचा जन्माचा सोबती. तळ्यावरच्या बर्फाला भोक पाडून दोघं पन्नास हिवाळे शेजारी शेजारी मासे पकडत बसले होते आणि त्यात बोलले असतील तासभर. आर्लिस आणि ड्वेन त्याला काका म्हणत. उठायला त्याला वेळ लागला. त्यानं पुढच्या बाकाची पाठ दोन्ही हातांनी धरली.

"एल्मर," तो म्हणाला, आणि थांबला. "वाईट नव्हता."

आणि बसला. चर्चभर नाकं शिंकरली गेली. ड्वेनचे खांदे हलायला लागले. पाद्रीबाई अजून पुढच्या वाक्याची वाट बघत उभी होती, बिचारी. मग तिनं वाद्यवाल्याला खूण केली.

जमीन गोठलेली होती. खड्डा एप्रिलच्या आत होणार नव्हता, म्हणून शवपेटी दफनभूमीच्या दगडी खोलीत ठेवून सगळे तळघरात उतरले.

तळघरात हॅमचे पाव होते, बटाट्याच्या भाजलेल्या थरांची मोठाली तसराळी होती, लोणच्याच्या काकड्या होत्या, आणि तळ दिसेल इतकी पातळ कॉफी. आर्लिसनं सवयीनं किटली उचलली. शेजारची बेव ओडेगार्ड स्वयंपाकघरातून धावत आली.

"ठेव ती. आज तू बसायचंस."

"बसून काय करू?"

"जे लोक बसून करतात ते. खा."

आर्लिस भिंतीलगतच्या खुर्चीवर बसली, मांडीवर ताटली घेऊन. समोर ड्वेन उभा होता आणि त्याच्यापुढं हळूहळू रांग लागत होती. तिला रांगेतला प्रत्येक माणूस माहीत होता आणि तो काय करणार तेही माहीत होतं. पहिला आला ओले, धान्याच्या गिरणीवाला. बुटांकडे बघितलं. ओठ हलले. ड्वेन "असं होय" म्हणाला. मग बेवचा नवरा व्हर्नन. मग दुकानवाला. तो बोलला ते तिला ऐकू आलं, कारण त्याला स्वतःला ऐकू येत नसे आणि तो ओरडून बोले. "तुझ्या दवाखान्याचं कार्ड खिशात घेऊन फिरायचा तो! चुरगळलं की दुसरं मागवायचा! म्हणायचा, दात कसेही असू देत, पोरगा बसवून देईल!"

ड्वेन बाथरूमकडे गेला. आर्लिसला त्याच्यासाठी खरंच बरं वाटलं. मग तिनं ताटली खाली ठेवली, हात पुसले आणि पाठ सरळ करून बसली, कारण आता ते तिच्याकडे येणार होते.

आले. ओले आला. "थकलेली दिसतेस," तो म्हणाला.

"झोप झाली नाही."

"हं. गारठा आहे." आणि गेला.

व्हर्नन आला. "संध्याकाळच्या धारा मी काढतो. तू काळजी करू नकोस. ती पांढऱ्या कपाळाची लाथ मारते का अजून?"

"डावीकडून गेलास तर नाही मारत."

"हं," व्हर्नन म्हणाला. त्याच्या तोंडाशी अजून काहीतरी आलं होतं असं तिला वाटलं. त्यानं टोपी हातात फिरवली. मग डोक्यावर घातली आणि गेला.

दुकानवाला आला आणि ओरडला, "पाव चांगले मऊ आहेत! तू केलेस?"

"बेवनं."

"असं होय!"

त्यानंतर कुणी आलं नाही. बायका आल्या, खांद्यावर हात ठेवून गेल्या. बेव तीनदा कॉफी घेऊन आली आणि तिन्ही वेळा तिच्याकडे न बघता ओतून गेली. ड्वेन परतला. डोळे लाल, चेहरा लहान मुलासारखा उघडा पडलेला. तो शेजारी बसला.

"मला कल्पनाच नव्हती गं. कार्ड खिशात घेऊन फिरायचे म्हणे. तुलाही सांगितलं असेल ना सगळ्यांनी?"

"हो," आर्लिस म्हणाली. "सांगितलं की."

तेवढ्यात पाद्रीबाई गुडघ्यांवर बसून तिचे दोन्ही हात धरून म्हणाली, "आर्लिस, तुम्ही वडिलांची जी सेवा केलीत ना, ती अप्रतिम. तुम्ही अप्रतिम आहात. हे तुम्हाला कुणी सांगतं की नाही?" आर्लिस तिच्या खांद्यावरून जेलीच्या भांड्याकडे बघत राहिली. तिला त्या बाईला ढकलून द्यावंसं वाटलं, आणि त्याच वेळी तिच्या गळ्यात पडावंसंही वाटलं. तिनं यातलं काहीच केलं नाही. "जे होतं ते केलं," ती म्हणाली.

खोलीच्या दुसऱ्या टोकाला कर्मिट एकटा बसला होता. तो सकाळपासून तिच्याकडे आला नव्हता. एकदा नजरानजर झाली तर त्यानं काकडी उचलून ती नीट न्याहाळली. ज्या माणसाला बापाचं सगळं माहीत, त्यानंच तोंड चुकवावं, हे तिला फार लागलं. तिनं कोट चढवला, त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"चला काका. अंधार पडायच्या आत सोडते तुम्हाला."

"मला ओले सोडणार आहे."

"ओले गेला."

"असं?" कर्मिटनं दाराकडे बघितलं. ओले तिथंच उभा होता. पण कर्मिट उठला.

रस्त्यावर दोन्ही बाजूंना कमरेएवढं बर्फ होतं. आर्लिस वेगानं चालवत होती, नेहमीसारखी.

"सावकाश घे," कर्मिट म्हणाला. "एका दिवसात दोन अंत्यविधी गावाला झेपायचे नाहीत. हॅम संपलंय."

ती हसली नाही. तिनं वेग कमी केला आणि जे या खोऱ्यात कुणी विचारत नाही ते विचारलं. आपल्याबद्दल मेलेला माणूस काय बोलला, हे आपण होऊन विचारणं म्हणजे पंगतीत दुसऱ्याच्या ताटातलं मागून घेण्यासारखं. तिचे कान तापले.

"काका, बाबा माझ्याबद्दल कधी काही बोलले?"

कर्मिट खिडकीबाहेर बघत राहिला. "यंदा बर्फ फार झालं."

"काका."

"गेल्या वर्षी इतकं नव्हतं."

"नसतील बोलले तर नाही म्हणा. मी काही मरत नाही त्यानं." असं म्हणताना आपण मरतो आहोत असंच तिला वाटलं.

कर्मिटनं खिडकीवरून नजर काढली. "गाडी बाजूला घे," तो म्हणाला.

टपालाच्या पेट्या लावलेल्या होत्या तिथं तिनं गाडी उभी केली. इंजिन चालू ठेवलं.

"ते वासरू आठवतं तुला? उलटं होतं ते?"

"आठवतं. वेळ लागला होता मला."

"वेळ लागला!" कर्मिट एकदम उसळला. इतक्या मोठ्यानं बोलताना तिनं त्याला कधी ऐकलं नव्हतं. "कुणाला वेळ लागला? रस्ता मोकळा झाल्यावर लिंडग्रेन डॉक्टर तुमच्याकडे जाऊन आला, गाय बघितली, आणि सरळ पंपावर आला. आम्ही सगळे बसलो होतो. सगळ्यांदेखत एल्मरला म्हणाला, मला स्वतःला जमलं असतं की नाही सांगता येत नाही. पोरीला सेंट पॉलला पाठव. आधी कॉलेज, मग जनावरांची डॉक्टरी. माझ्या ओळखी आहेत तिथं, मी बोलतो."

आर्लिसनं स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. "मग?"

"मग एल्मर कॉफी ढवळत बसला. साखर घ्यायचा नाही तो. तरी ढवळत बसला."

"मग, काका?"

"डॉक्टर गेल्यावर म्हणाला, ड्वेनचं तर ठरलेलंच आहे, त्याला गोठ्याचा वास सोसत नाही. ही पण गेली तर मी काय एकट्यानं धारा काढू? मी म्हटलं, पण पोरगी हुशार आहे, एल्मर. तर म्हणाला..." कर्मिटनं हातमोजे काढले आणि परत घातले. "म्हणाला, हुशार? माझ्याहून हुशार आहे ती. त्या डॉक्टरहून हुशार आहे. असा हात मी उभ्या जन्मात बघितला नाही. म्हणून तर तिला कळता कामा नये. कळलं की जाईल."

गाडीतली गरम हवा तिच्या पायांवर येत होती. तिला ती सोसवेना, पण बंद करायचं सुचलं नाही.

"आणि आम्हाला म्हणाला, कुणी तिला काही बोलायचं नाही."

"आम्हाला म्हणजे कुणाला?"

"मी होतो. ओले होता. स्टॅन्ली, व्हर्नन. दुकानवाला, त्याला तेव्हा ऐकू यायचं."

"आणि बायका?"

"बायकांना कळल्यावाचून राहतं का काही?"

म्हणजे बेवला माहीत होतं. बेव, जिच्या दोन्ही बाळंतपणांत आर्लिसनं तिच्या घरच्या धारा काढल्या होत्या. सगळ्यांना माहीत होतं. आज जे जे तिच्यासमोर उभे राहून गारठ्याबद्दल बोलून गेले त्या सगळ्यांना चाळीसेक वर्षं माहीत होतं. शपथ घालावी लागली नसेल त्यांना. गप्प बसणं ही इथं कुणाला शिकवायची गोष्टच नव्हती. दुसऱ्या एखाद्या बडबड्या गावात कुठल्यातरी बाईनं दुकानात सहज म्हटलं असतं, काय गं, डॉक्टर काय म्हणतात तुझ्याबद्दल! आणि सगळं निराळं झालं असतं.

"मला विचारलं असतं तर मी राहिलेही असते कदाचित," आर्लिस म्हणाली.

"ते त्याला कुठं ठाऊक."

"मला हळू म्हणायचे, काका. रोज."

"माहीत आहे."

"मला ते खरं वाटायचं." आता ती रडत होती, स्टिअरिंग धरून, आवाज न करता. "मी पळत असायची नुसती. दिवसभर पळत असायची."

कर्मिटनं खिशातून रुमाल काढला, तो बघितला, बरा नव्हता, परत ठेवला. "गेल्या शरदात मी बोललो त्याला. तू औषध आणायला गावात गेली होतीस. म्हटलं, एल्मर, आता सांगून टाक. साठीला आली ती. आता कुठं जाते? तर पडल्या पडल्या माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, अजून मी आहे ना."

आर्लिसनं बाहीनं डोळे पुसले.

"आज चर्चमध्ये उठलो तेव्हा हेच सांगायचं होतं," कर्मिट म्हणाला. "तोंडातून दुसरंच आलं. धीर नाही झाला." मग तो हळूच म्हणाला, "पण त्याला कौतुक होतं तुझं. फार होतं. तेवढं तरी घे."

"धन्यवाद, काका," आर्लिस म्हणाली. दुसरं काय म्हणतात ते तिला येत नव्हतं.

तिनं त्याला दारापर्यंत हात धरून नेलं, पायरीवरचं बर्फ बुटानं बाजूला केलं आणि परत फिरली. घरी येताना तिनं ते वाक्य एकदा मोठ्यानं म्हणून बघितलं. माझ्याहून हुशार आहे ती. बापाच्या आवाजात ते छान बसलं. इतकी वर्षं जे ऐकायला ती जीव टाकत होती, त्याहून ते कितीतरी जास्त होतं. स्टॅन्लीच्या मुलीला गवताच्या गाडीवर समाधान मानावं लागलं होतं. आर्लिसनं ते पुन्हा म्हटलं, आणि पुढचं वाक्य, कळलं की जाईल, आपोआप मागून आलं. ते तोडून बाजूला ठेवता येईना. तिला बापाचा फार राग आला. बाप दगडी खोलीत थंड पडला होता आणि रागाला जायला जागा नव्हती.

घरी स्वयंपाकघरात दिवा होता. व्हर्नन धारा काढून गेलेला होता. ड्वेन बापाच्या खुर्चीत न बसता शेजारच्या खुर्चीत बसून बटाट्याचे उरलेले थर तसराळ्यातूनच खात होता.

"किती उशीर. कर्मिटकाका बरे आहेत ना?"

"बरे आहेत." तिनं कोट खुंटीला लावला आणि त्याच्यासमोर बसली.

"मी विचार करत होतो," ड्वेन म्हणाला. आजच्या दिवसानं तो मऊ झालेला होता, बोलायला उतावीळ. "आता तू मोकळी झालीस. गाई विकून टाकू. तुला हवं ते कर. आयुष्यभर अडकून पडलीस."

"हं."

"बाबा तुझ्याबद्दल काय म्हणायचे ते सांगितलंच नाहीस. माझं सगळ्या तळघरानं ऐकलं."

आर्लिसनं टेबलावरचा पावाचा चुरा बोटानं गोळा केला. "माझ्याहून हुशार आहे म्हणायचे."

"असं म्हणाले? बाबा?" ड्वेनचे डोळे पुन्हा भरले. "बघ! आणि तुला एकदा तोंडावर सांगायला काय झालं होतं त्यांना?"

"सांगितलं असतं तर मी गेले असते."

ड्वेनला वाटलं ती थट्टा करते आहे. तो हसला, डोळे पुसत. "तू? तू कुठं गेली असतीस?"

"सेंट पॉलला."

"सेंट पॉल?" त्यानं काटा खाली ठेवला आणि मोठ्या मायेनं तिच्या हातावर हात ठेवला. "अगं वेडे, माझ्या घरापासून वीस मिनिटांवर आहे ते. इथून निघालं की अडीच तासांत पोचतं माणूस. कधीही यायचं होतंस."

"हो," आर्लिस म्हणाली. "जवळच आहे."

तिनं त्याच्यापुढचं तसराळं उचललं, सिंकमध्ये ठेवलं आणि गरम पाणी सोडलं. ड्वेन मागून काहीतरी बोलत होता. नळ तिनं पूर्ण उघडला.